छप्पर बदलायचंय? आधी छप्पर मोजा!

मैत्रिणींनो, आमचा भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, हे तुम्ही ऐकलंच असेल. पण त्या भांड्यांचा एक उपयोग कुठलाच दुकानदार सांगत नाही. आषाढाची झड लागली, की घरातली गुंड, परात, घमेलं, अगदी दुधाचा गंजसुद्धा बाहेर काढावा लागतो आणि मांडावा लागतो तो गळणाऱ्या छपराखाली! कवेलूच्या घरात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना ती टपटप अजून झोपेत ऐकू येते. कुठल्या खोलीत कुठलं भांडं ठेवायचं हे घरातल्या बाईला पाठ असतं. धानाची पोती सरकवायची तीच, सरपण कोरडं ठेवायचं तिनंच, आणि ओली अंथरुणं वाळवायचीही तिनंच. मात्र छप्पर बदलायचं ठरलं, की मिस्त्रीशी बोलणी ओसरीवर होतात आणि ती चहाचे कप घेऊन आतबाहेर करत राहते.

दिवाळीनंतर मी माहेरी गेले होते. माझं माहेर लाखनीकडचं. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू. रात्री सगळे निजल्यावर वहिनीनं तीन चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, ‘‘ताई, तुम्हीच पाहा जी. तीन मिस्त्र्यांनी तीन हिशेब दिले. हा सगळ्यांत स्वस्त, म्हणून तुमचे भाऊ याला होकार देऊन बसले. मला मात्र कसं तरीच वाटते.’’

चिठ्ठ्या पाहिल्या आणि मलाही कसं तरीच वाटलं. पहिल्यात नुसतं ‘टिनपत्रे इतके नग’ आणि त्यांची किंमत. दुसऱ्यात कवेलूचा चौरस फुटाचा दर, पण तो घराच्या जमिनीच्या मापानं लावलेला. तिसऱ्यात ‘स्लॅब, ठोक’ एवढंच. आता सांगा, एक वांगी किलोवर, दुसरी ढिगावर आणि तिसरी शिजवून ताटात वाढलेली, तर त्यांतलं स्वस्त कुठलं हे कसं ठरवायचं? तिन्ही चिठ्ठ्या आधी एका मापावर आणायला हव्यात. ते काम घरातल्या बाईला नीट जमतं, कारण महिन्याचा किराणा ती याच रीतीनं करत असते.

सुरुवात मापापासून करू. आपण म्हणतो, घर वीस बाय तीसचं, म्हणजे सहाशे चौरस फूट. ही झाली जमीन. छप्पर तेवढंच नसतं! ते उतरतं असतं आणि भिंतीच्या बाहेरही आलेलं असतं. समजा, घराची रुंदी वीस फूट, आढं मधोमध आणि भिंतीच्या माथ्यापासून पाच फूट उंच. भिंतीबाहेर दोन्हीकडे दोन-दोन फुटांची वळचण. मग एका पाख्याची उतरती लांबी भरते तेरा फूट पाच इंच, दोन्ही पाखी मिळून सत्तावीस फुटांना थोडी कमी. लांबीकडूनही एकेक फूट बाहेर धरा, म्हणजे बत्तीस फूट. गुणाकार केला की येतात जवळजवळ ८६० चौरस फूट. मिस्त्र्यांच्या भाषेत साडेआठ ब्रासच्या थोडं वर, कारण शंभर चौरस फुटांचा एक ब्रास.

पाहिलंत ना? सहाशेच्या घरावर आठशे साठचं छप्पर! ज्यानं सहाशेचा हिशेब दिला तो आज स्वस्त वाटेल आणि काम अर्ध्यावर आल्यावर ‘वहिनी, माल कमी पडला’ म्हणून दारात उभा राहील. सूत्रं आठवायची काही गरज नाही. घराच्या कडेच्या तिकोनी भिंतीपाशी आढ्यापासून वळचणीच्या टोकापर्यंत दोरी धरायला लावा आणि दोरी मोजा. आम्ही नणंद-भावजयींनी दुसऱ्या दिवशी हेच केलं. भाचा शिडीवर, आम्ही खाली. भावानं आधी थट्टा केली, नंतर टेपचं दुसरं टोक धरायला तोच आला.

आता हे छप्पर किती काम करतं तेही पाहा. आमच्याकडे वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या छपरावर त्याचं पाणी होतं नव्वद हजार लिटरांहून जास्त. यातलं घागरभर जरी चुकीच्या जागी उतरलं तरी भिंत फुगते. म्हणून वळचण कापून खर्च वाचवू नका. मातीच्या भिंतीला दोन फुटांची वळचण म्हणजे डोक्यावरचा पदर आहे. पत्र्याची लांबी बसवण्यासाठी ती एक फुटावर आणणारे मिस्त्री मी पाहिले आहेत.

आता वर काय घालायचं? आधी आपलं जुनं कवेलू. त्याच्यासारखी थंडाई दुसऱ्या कशात नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला तरी कवेलूच्या घरात, त्यातून खाली मातीचा माळा असेल तर, दुपारी डोळा लागतो. फुटलं तर तेवढंच बदलता येतं. पण दर वर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरावे लागतात, सगळे उतरवून, झाडून, फुटके काढून पुन्हा रचायचे. दोन-चार दिवस घर उघडं, स्वयंपाकात माती. माकडांच्या टोळीला तर आमच्या छपरावर नाचल्याशिवाय चैनच पडत नाही. फेरणारी जुनी माणसं थकली, तरुण पोरं वर चढायला तयार नाहीत, आणि कवेलू घडवणारे कुंभारही कमी झाले. म्हणजे कवेलू स्वस्त, पण कवेलूचं छप्पर आता तितकंसं स्वस्त राहिलेलं नाही.

दुसरं मंगळुरी कवेलू. आपल्याकडे कुणी त्याला इंग्रजी कवेलूही म्हणतात. खरं तर इंग्रजांचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी १८६५ साली मंगळुरात त्याचा कारखाना काढला. हे एकमेकांत अडकून बसतं, म्हणून वर्षाला फेरावं लागत नाही. चौरस मीटरला साधारण पंधरा नग लागतात. म्हणजे आपल्या आठशे साठ फुटांना बाराशे, शिवाय आढ्याची वेगळी आणि फुटतुटीसाठी थोडी जास्तीची. वजन अडीच-तीन टन. त्याला सरळ वासे आणि नेमक्या अंतरावरच्या लाकडी पट्ट्या हव्यात. जुन्या वाकड्या बल्ल्यांवर आणि बांबूवर ते बसत नाही. त्यामुळे कवेलूचा दर विचारून थांबू नका. पट्टीचा दर आणि सुताराची मजुरी विचारा, खरा खर्च तिथे असतो.

तिसरा टिनपत्रा. सगळीकडे आता हाच दिसतो आणि त्याला कारणही आहे. दोन दिवसांत छप्पर तयार, फेरणं नाही, माकडांची भीती नाही. वजनही किती कमी! आपल्या उदाहरणातल्या छपरावर अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा साडेतीनशे-चारशे किलोंत बसतो. पण इथेच फसगत फार होते. पत्रा नगावर विकतात आणि दोन दुकानांतले पत्रे डोळ्यांना सारखेच दिसतात. एकाची जाडी असते ०.५० मिलिमीटर, दुसऱ्याची ०.३५. भाव कमी असलेला पत्रा बहुधा पातळच असतो. ओळखायचं कसं? धानाच्या वजनकाट्यावर ठेवा! बारा फूट लांब आणि नाळ्या उलगडल्या तर चार फूट रुंद भरणारा पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर साडेसतरा किलोंच्या आसपास जातो. ०.३५चा असेल तर बारा-सव्वाबारा. काटा खोटं बोलत नाही. किलोचा भाव काढलात की कुठला खरा स्वस्त ते लगेच कळतं.

पत्रा हलका, म्हणूनच वादळात तो उचलला जातो. वैशाखातल्या वावटळीत आमच्या गावचा एक पत्रा दोन घरं ओलांडून तिसऱ्याच्या सांदवाडीत पडला होता. देवाची कृपा, कुणी खाली नव्हतं. तेव्हा खालची चौकट, तिचं भिंतीशी घट्ट बांधणं, रबरी वॉशरचे स्क्रू, पत्र्यावर पत्रा किती चढवणार, हे सगळं चिठ्ठीत लिहून घ्या. चढवण्यात पत्र्याचा बराच भाग जातो, म्हणून छपराच्या मापाहून थोडे अधिक पत्रे लागणारच. ते आधीच मोजा.

आणि ऊन! नुसत्या पत्र्याखालचा मे महिना ज्यांनी काढला नाही त्यांनी ‘टीन काय वाईट’ असं म्हणू नये. वरून पांढरा रंग दिला, खाली हातभर जागा सोडून माळा किंवा छत केलं आणि आढ्याशी गरम हवेला वाट ठेवली, तर पुष्कळ फरक पडतो. पण त्याचा खर्च पत्र्याच्याच खात्यात मांडायला हवा. कूलरचं बिलसुद्धा तिथेच.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल थोडंच सांगते. आपल्याकडे सिमेंटचा पत्रा म्हणून मिळणाऱ्या मालात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. त्याच्या तंतूंची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोग होऊ शकतो. हा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. तो आपल्या देशात आजही विकला जातो, पण मी स्वतः तो नव्यानं घेणार नाही. घरावर आधीपासून असेल तर घाबरून तोडफोड करू नका. साबूत असेल तर असू द्या. काढायचाच झाला तर पाणी मारून ओला करून, अख्खा उतरवा. करवतीनं कापू नका, तारेच्या ब्रशनं घासू नका, आणि पोराबाळांना त्या दिवशी शेजारी धाडा. फुटके तुकडे न्हाणीपुढे किंवा अंगणात भर म्हणून टाकायची आपली सवय असते, ती इथे नको.

राहिला स्लॅब. प्रत्येकीच्या मनात तो असतोच. वर मिरच्या वाळवता येतात, उन्हाळ्यात झोपता येतं, लोकांतही जरा बरं दिसतं. पण वजनाचा विचार करा. सहाशे चौरस फुटांचा साडेचार इंची स्लॅब जवळपास सोळा टन भरतो. पत्र्याचे चारशे किलो कुठे आणि सोळा टन कुठे! मातीच्या भिंतीवर स्लॅब टाकता येत नाही. त्याला कॉलम, बीम, पाया, सगळं नव्यानं. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेला पूर आला तेव्हा पाण्यात भिजलेल्या मातीच्या भिंती कशा बसतात ते आमच्या जिल्ह्यानं डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा वहिनीकडच्या चिठ्ठीतला ‘स्लॅब, ठोक’ हा छपराचा खर्च नव्हताच. तो नव्या घराचा खर्च होता आणि त्यात पाया धरलेलाच नव्हता. शिवाय स्लॅबला दोन-तीन आठवडे पाणी मारावं लागतं. मे महिन्यात हे पाणी कुठल्या विहिरीतून आणि कुणाच्या डोक्यावरून येणार, याचाही विचार करा.

घरकुलाच्या पैशांतून छप्पर होईल, असं काहीजणींना वाटतं. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. ते किमान पंचवीस चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांच्या पक्क्या घरासाठी. पैसे टप्प्याटप्प्यानं, बांधकाम जसं वर येईल तसे मिळतात. मोठ्या जुन्या घराचं छप्पर बदलण्यासाठी ते नाहीत. यादीत नाव असेल तर ग्रामपंचायतीत नीट चौकशी करून मगच जुन्या घराला हात लावा. आणि एक, सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्याआधीचा हिशेब कुणी पुढे केला तर नवा मागून घ्या.

आमच्या घरची एक चूक

हे सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी वडिलांनी घराच्या एका भागाचं छप्पर बदललं. ठेकेदार फार गोड बोलणारा. ‘‘काकाजी, जुनं उतरवायची मजुरी तुमच्याकडून घेतच नाही. फक्त ते जुनं लाकूड नेतो, तुमची अडगळ जाईल.’’ वडील खूश झाले. लाकूड म्हणजे आजोबांच्या वेळचे सोळा सागाचे वासे, चार बाय तीन इंची, चौदा-चौदा फूट लांब. वरून काळे पडलेले, धुरानं माखलेले. आतून कीडही नव्हती.

पुढे मी हिशेब घातला. चार गुणिले तीन भागिले १४४, गुणिले चौदा. एका वाशात सव्वा घनफुटाला थोडं कमी लाकूड. सोळांचं मिळून जवळजवळ एकोणीस घनफूट साग! सागाचा घनफुटाचा भाव तुमच्या गावच्या आऱ्यावर विचारा, म्हणजे ‘फुकट’ मजुरी आम्हाला केवढ्याला पडली ते तुम्हीच काढाल. आई त्यावर कधी काही बोलली नाही. पण ते वासे तिनं नवी सून म्हणून आल्यापासून रोज धुराआड पाहिले होते. गाडी भरून निघाली तेव्हा ती आत जाऊन बसली, ते मला आठवतं.

म्हणून जुनं छप्पर उतरवण्याचे पैसे वेगळे द्या आणि निघालेला माल आपला, असं कागदावर लिहून घ्या. वासे मोजून, खडूनं नंबर घालून ठेवा. चांगलं असेल ते नव्या छपरात वापरा. विकायचं असेल तर वाहतुकीच्या परवान्याबद्दल वनखात्याच्या कचेरीत आधी विचारा, नाहीतर रस्त्यात गाडी अडते. फुटके नसलेले कवेलूसुद्धा टाकू नका, शेजारी फेरणीच्या वेळी हुडकत येतात.

आता सगळं एका मापावर आणायची रीत. प्रत्येक मिस्त्र्याला तोच एक कागद द्या. त्यावर छपराचं आपण मोजलेलं माप लिहा. मग माल, खालची चौकट, आढ्याची कवेलं किंवा आढ्याचा पत्रा, खिळे-स्क्रू, वाहतूक, उतरवणं, चढवणं, मजुरांचं चहापाणी कुणाकडे, या प्रत्येकापुढे आकडा मागा. ‘ते सगळं आलंच त्यात’ असं कुणी म्हणालं, तर हसून म्हणा, ‘आलं ना, मग लिहा जी.’

एकूण आकडा आला, की त्याला ते छप्पर जितकी वर्षं टिकेल त्या वर्षांनी भागा आणि त्यात दर वर्षीचा खर्च मिळवा. उदाहरणापुरते आकडे घेते, भाव म्हणून धरू नका. समजा, देशी कवेलूचं छप्पर दुरुस्त करून साठ हजारांत होतं आणि बारा वर्षं चालतं. वर्षाला पाच हजार. त्यात फेरणीची मजुरी आणि नवे कवेलू मिळून सहा हजार. झाले अकरा. पत्र्याला समजा दीड लाख आणि तो वीस वर्षं टिकला. वर्षाला साडेसात हजार, वर किरकोळ पाचशे. झाले आठ. ज्याला आज अडीचपट पैसे लागतात तो वर्षाच्या हिशेबात स्वस्त ठरला! पण थांबा. पत्र्याखाली छत आणि कूलर धरला तर त्याचे आठ कुठे जातात तेही मांडा. आणि जिच्या घरी फेरणारी दोन हातं घरचीच आहेत तिचे सहा हजार तीनवरही येतील. म्हणून मी तुम्हाला ‘हेच घ्या’ असं सांगत नाही. प्रत्येकीचं उत्तर वेगळं येईल. फक्त त्या हातांत स्वतःचे हात मोजायला विसरू नका. तुमचे चार दिवसही खर्चच आहेत, भले त्याचे पैसे कुणी देत नसो.

वेळेचंही पाहा. आपण छपराकडे बघतो ते पहिलं ढग आल्यावर. त्या वेळी मिस्त्री देवासारखा दुर्मिळ होतो आणि भावही देवासारखाच मागतो! धान विकून पैसा हातात आला, की मार्गशीर्षात हिशेब मागवा आणि माघ-फाल्गुनात काम काढा. मध्येच अवकाळी पाऊस येतो, म्हणून ताडपत्री आणूनच छप्पर उघडा, आणि एका वेळी एकच पाखं.

तर वहिनीचं काय झालं? तिन्ही मिस्त्र्यांना आमचा कागद गेला. एक पुन्हा फिरकलाच नाही. ‘सगळ्यांत स्वस्त’ पत्रेवाल्यानं चौकट, आढं आणि वाहतूक लिहिली, आणि त्याचा आकडा पहिल्या चिठ्ठीच्या दुपटीवर गेला. भाऊ दोन दिवस गप्प होता. मग दोघांनी बसून ठरवलं. राहत्या खोल्यांवर मंगळुरी कवेलू, कारण सासूबाई, म्हणजे माझी आई, दुपारी तिथेच निजते. पुढची छपरी आणि मागचा गोठा टिनाचा. स्लॅब नाही, तो नातवंडांसाठी.

काम माघात झालं. परवा वहिनीचा फोन आला होता. उतरवलेल्या सागातून पट्ट्या निघाल्या, आणि चार वासे उरले तर त्यांचं तिनं देवघराचं दार करून घेतलं म्हणे. आई रोज सकाळी ते उघडते.